कीबोर्ड काढलेल्या कॉम्प्युटरचं उत्तर

आज केज गावातल्या आमच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये घडलं ते असं:

१. आमचा जुना प्रोग्राम फॉक्सप्रो या जुन्या भाषेत आहे. आग लागू नये म्हणून तो दर तासाला थांबून विचारतो, "कापसाच्या गाठी पाहिल्या का?"
२. पायथॉन भाषेतला माझा नवा प्रोग्राम मालकांना दाखवायला मी जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून घेतला.
३. बारा वाजता जुन्या पडद्यावर प्रश्न आला. खाली एकेक अक्षर उमटलं: "पाहिल्या."

नेटवर्क जोडलेलं नाही. कोडमध्ये हे उत्तर कुठेच नाही.

मालक म्हणाले, "रोजच येतंय की, मॅडम. आमी कुठं लिहितो?"

"मग गाठी कोण पाहतं?"

"तेच म्हणतो. तुमच्या पायथॉनमधी कोण बघंल? ते सांगा, शनिवारी बदलू."

फॉक्सप्रो जाणणाऱ्यांनी कृपया शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं.