समोरची येईल तेव्हा

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या मावशी नर्स होत्या. सरकारी इस्पितळातून निवृत्त होऊन त्या मीरा रोडला आल्या, त्याच वर्षी आम्हीही लालबागची खोली सोडून इथे आलो. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्याच. माझे सासरे शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन द्यायला त्याच यायच्या. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे मला त्यांनी शिकवलं. सासरे गेले तेव्हा त्यांचे डोळे मावशींनीच मिटवले.

काही वर्षांनी मावशींचे स्वतःचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं दिसेना, कडा दिसायच्या. "तुझे कान दिसतात मला, तोंड नाही," हे त्या असं सांगायच्या, जणू कुणा दुसऱ्याच पेशंटबद्दल बोलतायत. चहा, औषधं, स्वयंपाक सगळं हाताच्या सवयीने चालायचं. वाचन तेवढं थांबलं. आठवड्यातून एकदा मला बायबल वाचून दाखवशील का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, मोबाइलवर ऐकायला मिळतं, लावून देऊ का? ते ऐकून झालं म्हणाल्या. त्यातला माणूस कुणासाठी वाचतच नाही.

मग एका रविवारी चार वाजता मी गेले. काळ्या कव्हरचं जाड पुस्तक त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी हे पुस्तक आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. कुठून वाचू, असं मी विचारलं.

"तू पहिल्यांदाच वाचणार ना? मग मला विचार करू दे. भलत्या जागी सुरू केलं की माणूस कंटाळतो आणि सोडून देतो."

त्या दिवशी नुसता चहा झाला. निघताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी ये, तोवर जागा काढून ठेवते.

पुढच्या रविवारी नणंद मुलांना घेऊन आली. त्याच्या पुढच्या रविवारी ऑफिसचं काम घरी आणलं होतं. तिसऱ्या रविवारी मात्र काहीच नव्हतं. भाजी घेऊन मी जिना चढून आले, तर त्यांचं लाकडी दार उघडं होतं, नुसती जाळी ओढलेली. त्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर. मी दमले होते, दुसरं कारण नव्हतं. त्यांच्या नजरेच्या अगदी मधोमध मी उभी होते आणि तिथलं त्यांना दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता आमच्या घरात शिरले.

त्या गुरुवारी त्यांना धाप लागली. वॉचमनने आणि मी रिक्षातून इस्पितळात नेलं. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. वाचायचं राहिलं, असं काही त्या बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी गेल्या.

त्यानंतर रविवारी चार वाजले की मला घरात बसवेना. समोर कुलूप होतं, तरी जाळीमागे कुणीतरी थांबलंय असं वाटायचं. बाहेर पडताना मी त्यांच्या दारासमोर मधोमध उभी राहायचं टाळायला लागले, भिंतीच्या कडेने जिन्याकडे जायचे. एकदा सासूबाईंनी विचारलं, अशी चोरासारखी का चालतेस? कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतंच.

महिन्याभराने त्यांचा भाचा घर रिकामं करायला आला. ते पुस्तक त्याने माझ्याकडे आणून दिलं. "मावशीने सांगून ठेवलं होतं, ताई. हे समोर द्यायचं." मी ते घ्यायला कचरले. घरात कुठे ठेवायचं, असं पुटपुटले. आतून सासूबाई म्हणाल्या, "देवघराशेजारच्या फळीवर ठेव. ह्यांच्या उशाशी बसलेल्या बाईचं पुस्तक आहे ते."

तरी वाचायचं धाडस होईना. शेवटी एक दिवस पहिल्या पानापासून सुरू केलं. सृष्टी झाली, बाग झाली, पूर आला. मग वंशावळी, मग कायदे, होमाचे नियम. मी तिथेच अडकले. भाईंदरच्या बाजारात उत्तन गावची एक म्हातारी भाजी घेऊन बसते, गळ्यात क्रूस असतो. तिला विचारलं. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाय बाय. पादरी वाचतो ते आयकते. पर येशूचीच गोष्ट पयली वाच, ती बारकी हाय." मार्क नावाच्या शिष्याने लिहिलेली येशूची गोष्ट खरंच लहान होती, ती मी दोन दिवसांत संपवली. पण मनात वाचत होते, आणि प्रत्येक पानावर वाटायचं की ही ती जागा नव्हे. त्यांनी काढून ठेवते म्हटलेली जागा वेगळीच असणार.

मग मी एकेक पान उलटत बघायला लागले. रोज ऑफिसमधून आल्यावर थोडी थोडी. खूण नाही, चिठ्ठी नाही. आठव्या-नवव्या दिवशी एका पानावर हिरव्या स्केचपेनने लिहिलेली मोठी, वाकडी अक्षरं दिसली. छापलेल्या ओळींवरून आडवी गेलेली, एक शब्द तर पानाबाहेर सांडलेला.

'इथून. समोरची येईल तेव्हा.'

मी खालचा मजकूर वाचला. ती नुसती यादी होती. परमुलुखात धरून नेलेले लोक आपापल्या गावी परतले, त्यांच्या घराण्यांची नावं आणि कुणाची माणसं किती. पानंच्या पानं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला याहून कंटाळवाणी जागा मिळाली नसती.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मावशीला पानावरचं काही दिसत नव्हतं, अंगठ्याने जाडी मोजून पान काढायची. कदाचित तिला दुसरं काही हवं असेल, एखादं स्तोत्र, आणि अंगठा चुकला असेल. कदाचित हेच हवं असेल. वॉर्डातल्या जुन्या पेशंटची नावं तिला शेवटपर्यंत पाठ होती, असंही तो म्हणाला. कुठलं खरं, त्यालाही सांगता येईना. मला तर आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं.

त्या रविवारी चार वाजता मी आमचं दार उघडं टाकलं, समोरच्या कुलपाकडे तोंड करून बसले आणि ती यादी मोठ्याने वाचायला लागले. नावं तोंडात बसत नव्हती. अडखळले की मागे जाऊन पुन्हा म्हणायचे. घसा कोरडा पडला. जिन्यावरून जाणारी शेजारीण थांबली, माझ्याकडे बघून वर गेली. मला कुठे हलकं वाटलं नाही. उलट त्या ऐकतायत आणि मी इतक्या उशिरा आलेय, हे प्रत्येक नावाला जास्तच कळत गेलं. तरी थांबले नाही.

अर्ध्यावर सासूबाई आतून आल्या आणि दाराशी जमिनीवर टेकल्या. यादी संपली तेव्हा त्यांनी विचारलं,

"एवढे सगळे पोचले का गं घरी?"

"पोचले असं लिहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, ह्यांना औषध द्यायला ती कधी पाच मिनिटंही उशिरा आली नाही. मी मान खाली घातली आणि चपला हातात घेतल्याची ती गोष्ट त्यांना पहिल्यांदा सांगितली.