जुन्या चादरी पांघरून कायोटीच्या शिकारीला

"आई, यू रिअली डोंट हॅव टू कम," असं याएल इतक्या प्रेमानं म्हणाली, की मी त्याच क्षणी ठरवलं, आपण जायचंच.

याएल माझी मुलगी, सतरा वर्षांची. शेजारच्या कॅरलच्या नादानं तिनं शिकारीच्या सेफ्टीचा कोर्स केला. मला वाटलं, परीक्षा पास झाली की हौस फिटेल. पण कॅरलच्या भावाचा ओवेन साउंड गावाजवळ मेंढ्यांचा फार्म आहे आणि गेल्या हिवाळ्यात तिथे कायोटींनी धुमाकूळ घातला होता. कायोटी म्हणजे कोल्ह्याचा थोरला आणि लांडग्याचा धाकटा भाऊ समजा. फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सोमवारी सुट्टी असते, त्या लाँग वीकेंडला कॅरल तिकडे जाणार होती, आणि याएललाही जायचं होतं. बंदूक फक्त कॅरलच्या हातात असेल आणि याएल नुसती शिट्टी वाजवून कायोटीला बोलावेल, असं मला दोघींनी चारचारदा सांगितलं. ज्याला बोलवायचं तो आला तर काय, हा माझा प्रश्न होता.

माझं माहेर रेवदंड्याचं, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात शिकारीचं मांस चालत नाही, त्यामुळे बंदूक हा विषय घरात कधी निघालाच नव्हता. माझा नवरा डॅनियल म्हणाला, "तू जा खुशाल. फक्त तुझी काळजी त्या गाडीत मावेल का बघ." त्याला चेष्टा सुचते, कारण त्याच्या वाटणीची काळजीही लग्नापासून मीच करत आलेय.

आता कपड्यांचं. तुमच्यापैकी कुणी असा बेत करत असेल तर हा भाग नीट वाचा. बर्फातल्या शिकारीला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं लागतं. दुकानातला तयार सूट इतका महाग, की त्या पैशांत घरातल्या सगळ्यांचे बूट येतील. म्हणून आधी हार्डवेअरच्या दुकानातून रंगाऱ्यांचे पांढरे कागदी सूट आणले. स्वस्त आणि दिसायलाही झकास. याएल तो घालून बेसमेंटमध्ये चार पावलं चालली, आणि कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडतंय असा आवाज आला. कॅरल म्हणाली, या आवाजानं कायोटी थेट मॅनिटोबात जाऊन थांबेल.

मग स्कारबरोतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून सुती चादरी आणल्या आणि मशीनवर आम्हा मायलेकींचे टोपीवाले झगे शिवले. जाड जॅकेटवरून घालायचे असल्यामुळे माप दोन नंबर मोठं घ्या. लांबी गुडघ्याच्या वरच ठेवा, नाहीतर पायात येतं. वेलक्रो लावू नका, उघडताना टर्रकन आवाज होतो. पाठीवरच्या सॅकला उशीचा अभ्रा चढवला की काम झालं. कापड सुती आहे, भिजलं की गारठतं, तेव्हा ते फक्त सगळ्यात वरून घालायचं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण चादरी जुन्या, पिवळट पडलेल्या. बर्फात पिवळं काय दिसतं ते मी इथे लिहीत नाही. माझ्या आईनं किप्पूरच्या उपासाचे पांढरे कपडे शेवटच्या पाण्यात नीळ घातल्याशिवाय कधी वाळत टाकले नाहीत. देशी ग्रोसरीतून आणलेली निळीची बाटली माझ्याकडे असतेच. बादली भरली आणि नीळ ओतताना मनात आलं, तिला थंडी वाजली तर, गोळी चुकली तर, गाडी घसरली तर. प्रत्येक 'तर'ला हात थोडा थोडा तिरका होत गेला.

माझा झगा निभावला. याएलचा मात्र फिकट आकाशी निघाला आणि टोपीच्या मागे तर हातभर निळा ढग उमटला. पुन्हा धुवायला वेळ नव्हता, कारण शनिवारी शब्बाथ आणि रविवारी सकाळी निघायचं.

स्कारबरोहून फोर-ओ-वन पकडून पुढे हायवे टेननं उत्तरेला लागायचं. एरवी तीन तासांच्या आतबाहेरचा रस्ता, पण हिवाळ्यात दुपार हाताशी ठेवूनच निघा. विंटर टायर हवेतच, आणि निघण्यापूर्वी रस्ता बंद नाही ना ते फोनवर बघा. आम्ही ऑरेंजव्हिलला गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरला, वॉशरूमला गेलो, कॉफी घेतली. शेलबर्नच्या पुढे मोकळ्या शेतांवरून बर्फ रस्त्यावर वाहत येतं आणि गाडी हलल्यासारखी वाटते. मी दाराचं हँडल धरून बसले होते. "आई, द डोअर इज नॉट गोइंग एनीव्हेअर," याएल मागून म्हणाली.

फार्मवर कॅरलच्या भावानं चुलीसारख्या मोठ्या लाकडी स्टोव्हजवळ आमचे बूट सुकत ठेवले. रात्री मी बरोबर आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी सगळ्यांनी संपवली. कॅरलनं हिंगाचा वास घेऊन बजावलं, "उद्या शेतात यातलं काही न्यायचं नाही. कायोटींचं नाक तुमच्यामाझ्यासारखं नसतं."

सोमवारी उजाडल्यावर झगे बाहेर काढले. कॅरलनं याएलकडे बघितलं आणि हसून हसून खालीच बसली.

"ही ब्लूबेरी कुणी केली?"

"माय मदर," याएल म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "शी ब्लूज थिंग्ज."

कॅरलनं समजावलं की कपडे उजळ करणारं काहीही शिकारीच्या कपड्यांना लावायचं नसतं. आपल्याला शुभ्र दिसतं ते त्या जनावरांना चमकतं म्हणे. हे खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण मुलीचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माझा झगा देऊ केला. तिनं नको म्हटलं. त्या 'नको'त राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

हरणांचा बंदुकीचा सीझन चालू असेल तर केशरी जॅकेट सक्तीचं असतं. या दिवसांत इथे नव्हतं. तुम्ही जाल तिथले नियम आधी वाचून घ्या. मला विचाराल तर केशरी रंग शोधून काढणाऱ्याचे पाय धुवावेत.

शेताच्या कडेला तारेचं कुंपण आणि त्याला लागून सीडरची ठेंगणी झाडं. पुढे कॅरल बसली, तिच्या डावीकडे थोड्या अंतरावर याएल, आणि दोघींच्या बरीच मागे, कुंपणालगतच्या गवताच्या गठ्ठ्यापाशी मी. एकदा बसलं की हलायचं नाही, नावानं हाक मारायची नाही, फोन बंद. वादळ आलंच तर जागेवर थांबायचं, कॅरल येऊन एकेकीला घेऊन जाईल. मी मान डोलावली.

याएलनं शिट्टी फुंकली. जखमी सशाचं ओरडणं ते. आणि ते येत होतं माझ्याच लेकीच्या तोंडून. मग ती थांबली, सगळं शांत झालं, आणि मला ती दिसेनाशी झाली. झाडांच्या सावलीत बर्फही निळसरच दिसतं, त्यात तिचा आकाशी झगा नेमका मिसळून गेला होता. मी डोळे ताणले. ते बर्फाचं ढेकूळ की तिचा गुडघा? ती श्वास घेतेय का? हाक मारावी तर तिची सकाळ दुसऱ्यांदा बिघडवायची, न मारावी तर इथे माझा जीव टांगणीला. मी हातमोजा दातात धरून बसले.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी तिथे बसून काय काय चिंतलं असेल, पण जे आलं ते त्यात नव्हतं. जॉर्जियन बेच्या, म्हणजे पाण्याच्या, बाजूनं आभाळ खाली आलं आणि बघता बघता शेत, झाडं, कुंपण, कॅरल, सगळं पुसलं गेलं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. वारा असा की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना.

ठरल्याप्रमाणे मी जागेवर थांबले. आयुष्यात इतकं अवघड काही केलेलं नाही. कॅरल कुंपणाला धरून आली, बंदूक रिकामी करून पाठीवर टाकलेली. तिच्याबरोबर याएल नव्हती.

"ती जागेवर नाहीये," ती माझ्या कानाशी ओरडली. "वारा चुकवायला कुठेतरी सरकली असणार. माझा हात सोडू नकोस."

एका हातात तार, एका हातात कॅरलचा हात, असं आम्ही गेलो. याएलची बसायची जागा सापडली. बर्फात बसल्याचा खळगा होता आणि आमच्या देखत तो भरत होता. आता नियम कुणाला हवेत? "याएल! याएल!" मी घसा फोडून ओरडले. वाऱ्यानं हाक उलटी माझ्याच तोंडात कोंबली. पांढऱ्यात पांढरं लपावं म्हणून मीच शिवलं होतं, बाई, मीच. एलियाहू हन्नबी, मुलगी हाताला लागू दे, तुझा मलिदा करीन, असा नवस मी बोलले. मोठ्यानं की मनात, ते आता आठवत नाही.

वारा क्षणभर बसला. तेवढ्यात झाडांच्या बुडाशी मला ते दिसलं. सावली आता कुठेच नव्हती, सगळं सारखं पांढरंफटक, आणि त्यात एक निळसर डाग.

"ती बघ!"

"कुठे? मला काही दिसत नाही," कॅरल म्हणाली.

तिला कसं दिसणार? लहानपणापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर निळीचे डाग शोधून शोधून आईची बोलणी खाल्ली ती मी. कुंपण सोडून मी कॅरलला ओढत नेलं. याएल सीडरखाली गुडघ्यांत डोकं घालून, वाऱ्याकडे पाठ करून बसली होती. टोपीच्या मागचा तो हातभर ढग आमच्याकडे होता. मी त्यावर हात ठेवला तेव्हा ती केवढ्यानं दचकली.

"आई? यू वेअर सपोज्ड टू स्टे पुट!"

मी तिला एक रट्टा दिला आणि मिठीत घेतलं, बहुधा याच क्रमानं. मग तिघी कुंपण धरून घरी आलो. कायोटी दिसला नाही. कॅरलच्या भावानं गरम सूप दिलं. याएलचा हात टेबलाखाली माझ्या हातात होता, आणि तो तिनं स्वतःहून दिला होता. हायवे टेन उघडल्यावर निघालो, परतीच्या वाटेवर मी हँडल धरलंच.

पुढच्या शब्बाथनंतर मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. याएलनं खोबरं खवलं आणि कशाबद्दल ते एकदाही विचारलं नाही.

ही पोस्ट इतक्या उशिरा लिहिण्याचं कारण असं, की या हिवाळ्यात ती पुन्हा जातेय, आणि या वेळी मी जायचं नाही असं तिनं आणि कॅरलनं मिळून ठरवलंय. चादर कुठे मिळाली, झगा कसा शिवला, हे विचारणाऱ्यांना वर सगळं लिहिलंय. मला स्वतःला त्या सहलीतून काय मिळालं म्हणाल, तर झोप कमी झाली एवढंच मी परवापर्यंत सांगितलं असतं.

परवा बेसमेंटमध्ये गेले तर याएल बादलीशी उकिडवी बसलेली. तिनं नवा झगा स्वतः शिवला होता, पांढराशुभ्र. तो हातात धरून टोपीची फक्त मागची बाजू ती निळीच्या पाण्यात बुडवत होती.

"अगं, कॅरल ओरडेल. कायोटीला दिसेल ना ते."

"नो, आई," ती वर न बघता म्हणाली. "कायोटी समोरून येतो. मागून तू येतेस."

मी बाटली उचलली आणि बादलीत आणखी दोन थेंब टाकले.