सॉरी म्हणणाऱ्याची जखम

प्रभा गेल्याचा फोन तिच्या मुलीने, पूर्वाने केला. "मावशी, आई गेली… आणि बाबा खाली येऊन उभे आहेत." मला रडायलाही वेळ मिळाला नाही. मनीषनगरला पोचेपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. नवरा म्हणून त्याला तिच्या कपाळी शेवटचं कुंकू लावायचं होतं. आज महिना होत आला, तरी माझा राग उतरलेला नाही.

सदर भागातल्या एका शाळेत आम्ही दोघी इंग्रजी शिकवायचो. प्रभा उमरेडच्या विणकरांची पोर. कुठला शब्द कुठून आला हे सांगितल्याशिवाय तिचा धडा पुढे सरकत नसे. नवरा विलास ऑफिसात बाबू, बाहेर गोड आणि घरात कसाई. केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटायचा. एकदा दात पडला तर तिने तो गिळला, कारण समोर पूर्वा जेवत होती. सकाळी हाच माणूस तर्री-पोह्यांचा पुडा आणून म्हणायचा, "सॉरी." शाळेत आली की ती मला सांगायची, "रात्री मारलं वं. सकाळी सॉरी." मी चिडायचे, ती वह्या तपासायला घ्यायची.

एक दिवस स्टाफरूममध्ये तिने जाडा शब्दकोश काढला, एका पानावर बराच वेळ थांबली, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून पूर्वाला घेऊन थेट माहेरी गेली. काय सापडलं ते मलाही बोलली नाही. घरच्यांनी लगेच समाजाची बैठक बोलावली. मी हट्टाने सोबत गेले. विलासने सगळ्यांपुढे हात जोडले, "सॉरी म्हणतो. चूक झाली." प्रभाची आत्या लगेच म्हणाली, "झालं ना आता! पदरी पडलं अन् पवित्र झालं. जाय बाई घरी."

प्रभा उभी राहिली. "आत्या, हा शब्द इंग्रजी हाय. जुन्या इंग्रजीत घावाले, दुखण्याले जो शब्द होता, त्याच्यातून निघाला. ज्याले लागलं, जो कळवळून राहिला, त्याचा शब्द हाय हा. आता याले इचारा, कुठं लागलं तुले? दाखव म्हणा."

एक काका हसले. "मंग तूच दाखव तुहा घाव."

"मी काहून दाखवू, काका? सॉरी तर यानं म्हनलं ना."

विलास उठला आणि भर बैठकीत त्याने तिच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला, सतरंजीवर रक्त सांडलं. आणि आत्या काय म्हणाली? "तुही जीभच वाईट." प्रभाने पदराने तोंड पुसलं, पूर्वाचा हात धरला आणि बाहेर पडली. नवऱ्याच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही. घटस्फोट मात्र त्याने शेवटपर्यंत होऊ दिला नाही. मनीषनगरच्या छोट्या फ्लॅटमध्ये तिने पूर्वाला वाढवलं. पूर्वा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली, आणि मग प्रभाला कॅन्सर निघाला…

त्या सकाळी उमरेडहून सगळे आले. "नवराच हाय ना शेवटी, येऊ द्या," म्हणू लागले. पूर्वा दार अडवून उभी होती. तिला मागे ओढून विलासला आत घेतीलच, असं मला वाटलं. थकलेली आत्या आणि मी आत प्रभाला आंघोळ घालत होतो. आम्ही तिला कुशीवर वळवलं आणि आत्याच्या हातातला तांब्या थांबला. पाठभर जुने, काळे डाग होते.

"हे काय वं?"

"पोळ्या उलटायचा तापलेला सराटा," मी म्हणाले. "आणि हे डावं कोपर त्यानं दाराच्या फटीत धरून मोडलं." मी आवाज मुळीच कमी केला नाही.

आत्या ओल्या हातांनीच बाहेर गेली. तोवर विलास कुंकवाची डबी घेऊन दारापर्यंत आला होता. ती त्याला म्हणाली, "तुह्या हातचं कुंकू नाही लागत तिले. उतर खाली." तो डबी घेऊन जिना उतरला. तिने दार लावलं, परत आली आणि त्या पाठीवर हळूहळू पाणी ओतत राहिली. ती रडत होती. मी तिला रडू दिलं.

तिरडीवर प्रभाचा डावा हात काही केल्या सरळ होईना. पुरुष जोर लावायला लागले, तेव्हा पूर्वा म्हणाली, "राहू द्या… दुखेल तिला." मग त्या वाकड्या कोपरावरून दोरी आम्ही सैलच बांधली.