गोदामाची दोन ओळींची किल्ली

आमच्या ऑफिसातला केर रोज निघतो, किस्से मात्र साठून राहतात. पाहुणा आला की चहा येईपर्यंत एक सांगायला घ्यायचा. चहा येतो, निवतो, तरी किस्सा संपत नाही, आणि मग दुसरा ऐकल्याशिवाय पाहुणा उठत नाही. गोदामाचे किस्से मात्र आम्ही बरेच दिवस कुणाला सांगितले नाहीत. आता सांगते, कारण आता हसू येतं.

ऑफिस हिंगोलीत, मोटार रिवायंडिंगच्या दुकानावर. खाली दिवसभर तांब्याची तार गुंडाळतात, वर आम्ही चौघं सॉफ्टवेअर बनवतो. गजानन सर मालक. पूर्वी त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, त्यामुळे अर्धं गाव त्यांना अजून सरच म्हणतं. इमरान स्क्रीन बनवतो. मी सगळ्यांच्या चुका काढते. हे काम मी घरी फुकट करते, इथे त्याचा पगार मिळतो.

चौथा किसन राठोड, हिंगोलीकडच्याच गोरेगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. सहा वर्षं पुण्यात चांगल्या नोकरीत होता. त्याच्या वडिलांना, बापूंना, लकवा झाला, उजवी बाजू गेली, आणि हा सामान बांधून परत आला. सकाळ-संध्याकाळ बापूंना उचलून बसवायचं, निजवायचं, ते तोच करतो. दिवसा त्याची बायको बघते.

पुण्याची एक कंपनी आम्हाला काम देते. आता थोडं कामाचं सांगते, घाबरू नका. प्रोग्रामातलं सगळं आपण लिहीत नाही. तयार तुकडे मिळतात, त्यांना पॅकेज म्हणतात, आणि ते आणून देणारा एक हरकाम्या असतो, पॅकेज मॅनेजर. तो आजवर जगाच्या उघड्या बाजारातून माल आणायचा. कंपनीने कळवलं, बाजार बंद. आमचं खासगी गोदाम आहे, माल फक्त तिथूनच आणायचा. सेटिंगच्या फाइलीत एका ओळीत गोदामाचा पत्ता, दुसऱ्या ओळीत किल्ली. किल्ली म्हणजे चाळीसेक अक्षरांची, ज्याची त्याने जपायची खूण.

"दोन ओळींचं काम," सर म्हणाले, "चहाच्या आत होतंय."

दोन ओळींना महिना लागला.

*

पहिली किल्ली आली ती सरांची. सरांनी वीस वर्षं क्लास चालवला. तिथे पासवर्ड एकच असायचा आणि तो फळ्यावर असायचा, कारण पोरं विसरायची. सवयीने सरांनी किल्लीही भिंतीवरच्या फळ्यावर लिहिली. अक्षर मोत्यासारखं. शून्य कुठलं आणि ओ कुठला, हे कळावं म्हणून शून्याला लाल खडू वापरला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही चारही लॅपटॉप ओळीने मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, आपट्याची पानं ठेवली. सरांनी फोटो काढला आणि हौसेने सगळ्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या कंपनीच्या ग्रुपवरही. फोटोत खाली लॅपटॉप, मध्ये झेंडू, आणि मागे फळा.

दहा मिनिटांत कंपनीच्या सुरक्षा बघणाऱ्या मॅडमचा मेसेज आला. "पूजा सुरेख झाली आहे. किल्ली रद्द केली आहे. दसऱ्याच्या शुभेच्छा."

*

नवी किल्ली आली, प्रत्येकाला वेगळी. सगळ्यांत आधी इमरानचं चाललं. बाकीचे डोकं खाजवत होते आणि हा खुर्ची मागे लोटून बसला. "ताई, आपलं तर पहिल्या झटक्यात बराबर चाललं. तुमीच लोक तकलीफ करून घेता."

मला संशय आला. चुका काढणाऱ्या बाईला कुणाचं सुख बघवत नाही. मी किसनला इमरानची फाइल बघायला लावलं, तर फाइल भलत्याच फोल्डरात पडलेली. पॅकेज मॅनेजरने ती उघडलीच नव्हती. जुना माल लॅपटॉपमध्ये साठलेला होता, तोच तो काढून देत होता.

किसन शांतपणे म्हणाला, "इमरानभाई, तुमी गोदामात गेलेच न्हाई. घरच्या कणगीतलं खाऊन राहिलेत."

इमरानने तावात साठा पुसला आणि पुन्हा चालवलं. स्क्रीनवर लाल ओळी धो धो.

"गोदाम तो गोदाम," तो म्हणाला, "घर का भी गया."

*

यापुढचा घोळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमचे स्वतःचे तुकडेही गोदामात ठेवायचे होते. सरांची रीत अशी, की ज्याने लिहिला त्याचं नाव तुकड्याला. किसनचा तुकडा होता पिकांच्या नोंदीचा अर्ज. त्याचं नाव ठेवलं 'किसन'.

एका सकाळी अर्ज उघडला तर पिकं गायब, आणि त्या जागी कुठल्यातरी परदेशी खेळाचे गुण. झालं असं, की सेटिंगमध्ये गोदामाचा पत्ता होता, पण बाजाराचाही जुना पत्ता कुणी काढला नव्हता. बाजारात कुण्या परक्या माणसाचा 'किसन' नावाचाच तुकडा होता. त्याचा आवृत्तीचा आकडा आमच्यापेक्षा मोठा. हरकाम्याने दोन्ही किसन बघितले आणि मोठा आकडा उचलून आणला.

सर घामाघूम. किसनने मात्र फाइल उघडली, बाजाराचा पत्ता खोडला, आणि आमच्या प्रत्येक तुकड्याच्या नावाआधी ऑफिसचं नाव लावलं.

"हे कुठल्या कोर्समध्ये शिकलास?" सरांनी विचारलं.

"तांड्यावर, सर. किसन राठोड म्हणून हाक मारली की तिथं तिघं ओ देतात. आधी बापाचं नाव घ्या, मंग एकच येतो."

*

पण परका तुकडा आमच्या ऑफिसपर्यंत पोचला होता, आणि ते मॅडमना कळलं होतं. मेल आला. शुक्रवारी चाचणी. ज्याने सेटिंग केलं त्यानेच कॅमेऱ्यासमोर रिकाम्या लॅपटॉपवर सगळी पॅकेज आणून दाखवायची. सगळी गोदामातून, बाहेरचं एकही नाही, एका दमात. जमलं तर काम हिंगोलीत राहील. नाही जमलं तर काम पुण्याला. खाली एक चांगुलपणाची ओळ होती, की तसं झाल्यास किसनला पुण्यात सामावून घेऊ.

किसनने मेल दोनदा वाचला. "नोकरीची फिकीर न्हाई ताई, पुण्यात मिळंल. पण बापूला तिसऱ्या मजल्यावर ठेवू का? त्यांचं खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलणं चालू असतं, तवर ते जिते हायेत."

त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला.

*

बुधवारी मी आणि इमरान बापूंना भेटायला तांड्यावर गेलो. खिडकीजवळ खाट, खाटेवर उशीला टेकून बापू. शब्द थोडे जड येतात, पण विचारायचं ते विचारतातच.

"ह्यो काय काम करतो, मला नीट कुणी सांगतच न्हाई."

इमरानने सांगितलं. माल कुठला, गोदाम कुठलं, पत्ता, किल्ली, सगळं हाताने दाखवून. बापू लक्ष देऊन ऐकत होते.

"मंग हे तर आमच्या आज्याचंच काम," ते म्हणाले. "बैलावर गोण्या लादायच्या अन ज्याचा माल त्याच्याच घरी उतरवायचा. तुमचे बैल तेवढे दिसत न्हाईत."

"बराबर, चाचा."

"अन बैल वाटंत बसला तर?"

इमरानने अर्धा क्षण विचार केला. "बंद करून परत चालू करतो, चाचा."

बापू म्हणाले, "आमचा आजा चारा द्यायचा."

*

शुक्रवार. किसनची बायको भावाच्या साखरपुड्याला हट्टा गावी गेलेली, बापूंना एकटं सोडता येईना, म्हणून किसन घरूनच बसला. आम्ही तिघं ऑफिसातून तोंड मिटून मीटिंगमध्ये.

तांड्यावर रेंजची बोंब. घरावर पत्रे. लॅपटॉपला फोनचंच नेट, आणि फोन खिडकीच्या गजाबाहेर असेल तरच ते टिकतं, हे त्याला माहीत होतं, म्हणून सकाळीच त्याने फोन दोरीने गजाला बांधला होता. मॅडम आल्या. किसनने लॅपटॉप रिकामा करून दाखवला, सेटिंगच्या दोन ओळी दाखवल्या, किल्ली झाकून. चालू केलं. दहा पॅकेज आली, वीस आली, आणि चित्र गोठलं. पुन्हा आलं, पुन्हा गोठलं. वारा सुटला होता आणि गजाला बांधलेला फोन आत वळत होता.

"एकच संधी आणखी देता येईल," मॅडम म्हणाल्या.

किसन कॅमेऱ्यासमोरून उठला, परत येऊन बसला. पुन्हा पहिल्यापासून. पन्नास. शंभर. सर हात जोडून बसलेले, इमरानचं बोट दातात. दीडशे. दोनशे. एकदाही अडकलं नाही. शेवटची ओळ आली. दोनशे चाळीस गोदामातून, बाहेरून शून्य.

मॅडमनी यादी पुढे घेतली. "आता नेट अगदी स्थिर होतं. काय व्यवस्था केलीत?"

किसनने लॅपटॉप फिरवला. खाटेवर बापू, खिडकीला खांदा टेकलेला, चालणारा डावा हात कोपरापर्यंत गजांतून बाहेर, मुठीत फोन.

मॅडमनी यादी मिटली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. काम हिंगोलीतच राहू द्या." आणि मीटिंग संपवली.

लगेच किसनने लॅपटॉपवरूनच कॉल लावला. आम्ही स्पीकरवर टाकला. सर रडत होते, इमरान टेबल बडवत होता, खालचे तारवाले काय झालं म्हणून जिना चढून वर आले, त्यांनाही आम्ही पहिल्यापासून सांगितलं. किसनही खूप दिवसांनी मोकळा बोलत होता. चांगली दहा-पंधरा मिनिटं गेली असतील.

मग स्पीकरमधून मागचा एक जड, दमलेला आवाज आला.

"किसन, आता हात आत घेऊ का?"