कोणता पाडा?

निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल बायकोने कपाटात टाकली, नारळाची चटणी झाली आणि मिरवायला उरलं ते प्रशस्तिपत्र. मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारा माणूस. डॉक्टरांनी पत्रात माझ्यासाठी एक इंग्रजी शब्द वापरला होता, 'मेटिक्युलस'. तो चांगलाच असणार असं धरून मी ते पत्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो.

माझी सून शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. तिने मोबाइलवर शब्दकोश उघडला. "बारीकसारीक गोष्टीतही चूक होऊ न देणारा," तिने वाचलं. मी मिशीवरून हात फिरवला. ती आणखी खाली वाचत गेली आणि हसायला लागली.

"आप्पा, हाई दखा. मूळ लॅटिन शब्दना अर्थ भीती असा शे. पहिले भित्रा माणूसले हाऊ शब्द म्हनेत."

बायकोही हसली. झोपण्याआधी तीनतीनदा गॅस बंद आहे का ते बघणारा नवरा तिने जन्मभर सोसलाय. मला मात्र हसू आलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखं झालं.

दवाखान्यात माझ्यामागे सगळे मला 'कोणता पाडा' म्हणायचे. पेशंट आला की मी नाव, गाव आणि पाडा विचारायचो. बाटलीवर चिठ्ठी लावताना पुन्हा पाडा, रिपोर्ट देताना तिसऱ्यांदा पाडा. लोक वैतागायचे. मीही त्यांच्यावर खेकसायचो, पण विचारल्याशिवाय कागद सोडायचो नाही.

नोकरी नवी असताना डोंगरातल्या मोलगी गावी बाजाराच्या दिवशी आमचं तपासणी शिबिर होतं. एकाच जीपमधून दोन गरोदर बायका उतरल्या. नाव एक, नवऱ्याचं नाव एक, गावही एक. डोंगरातलं गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेले पाडे, आणि पाडे मी लिहिलेच नाहीत. तपासणी सिकलसेलची होती. हा रक्तातला आजार आईबापांकडून येतो आणि बाळंतपणात बाईच्या जिवावर बेतू शकतो. मी दोघींचे रिपोर्ट एकमेकींना दिले. आठवड्याने रजिस्टरमधले नंबर आणि वयं ताडून पाहताना ते ध्यानात आलं.

मी जीपने मोलगी गाठली आणि पुढे पायी निघालो. आजारी बाई निर्धास्त होती, धडधाकट बाई भीतीने अर्धी झाली असणार, हे मला कळत होतं. पण खरं सांगतो, चढ चढताना मला नोकरीचीच भीती होती. साहेबांना काय सांगायचं तेच मी जुळवत होतो.

खालच्या पाड्यावरची बाई अंगणात बसली होती. आजार आहे असं मी तिलाच चुकून कळवलं होतं. बाळासाठी शिवायला घेतलेली गोधडी तिने गुंडाळून ठेवली होती. मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुमच्या दोघींचे कागद बदलले गेले. तुला काही नाही."

ती शिव्या घालेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने तुटक्या मराठीत विचारलं, "मग वरच्या पाड्याची, तिला?"

मी होकाराची मान हलवली. ती उठली.

"तू एकटा नको जाऊ. ती घाबरेल. मी सांगते."

पोटुशी असूनही ती पुढे चढत होती आणि मी मागे धापा टाकत होतो. वर गेल्यावर ती दुसरीला खेटून बसली, पाठीवर हात ठेवून त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. खरा रिपोर्ट हातात धरून मी उभा होतो आणि मला माझी भयंकर लाज वाटली.

उतरताना साहेब डोक्यात नव्हते. माझ्या चुकीने त्या दोघींचं काय झालं असतं, ही भीती होती आणि ती मला निवृत्तीपर्यंत पुरली. वरच्या पाड्यावरची बाई पुढे दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली.

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. भीतीचा अर्थ निघाला त्या दिवशी बायकोला आणि सुनेला सांगितलं. सुनेने त्या बायांचं नाव विचारलं.

नाव मला आठवलं नाही. पाडे मात्र दोन्ही सांगितले.