रुपचंद, हर्षाली आणि बागेचं फाटक

धुळ्याच्या देवपुरातल्या दोन-चार गल्ल्यांतली मुलं रुपचंदच्या रिक्षातून शाळेत जायची. रुपचंद मूळचा सोनगीरचा. लग्नानंतर धुळ्यात आला, आधी दुसऱ्याची रिक्षा चालवली, मग स्वतःची घेतली आणि शाळेची पोरं धरली. पोरं रिक्षात गाणी म्हणायची, गोंधळ घालायची, त्याला कधी कंटाळा नसे. कुणाच्या बुटाची नाडी सुटली, कुणी डबा विसरलं, कुणाला आईची आठवण आली, सगळं तोच निस्तरायचा. त्याची बायको दिपमाला म्हणायची, "तुम्ही रिक्षावाले कमी आणि बालवाडीच्या बाई जास्त."

त्यांना एकच मुलगी, हर्षाली. रविवारी शाळा बंद, म्हणून रिक्षाही रिकामी. त्या दिवशी संध्याकाळी तिघं नदीकाठच्या बागेत जायची. बाग काही फार मोठी नव्हती. दोन घसरगुंड्या, एक सी-सॉ, एक गोल फिरणारी चक्री आणि चार झोके. पावसाळ्यात झोक्यांखाली चिखल साचायचा, म्हणून त्या वर्षी तिथे नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. लोक म्हणत होते, बरं झालं, आता पोरांचे कपडे मळत नाहीत.

हर्षाली तेव्हा आठ वर्षांची होती. एका रविवारी ती झोक्यावर बसली होती, पुढे पोरांची रांग होती आणि एक बाई आपल्या मुलाचा हात धरून कधीची उभी होती. ती म्हणाली, "भाऊ, आता आमच्याला बसू द्या ना. केव्हाचा रडतोय."

"हो ताई, अजून एकच झोका," रुपचंद म्हणाला. हर्षाली मागे मान टाकून हसत होती. "पप्पा, जोरात! अजून जोरात!"

त्याने दोन्ही हातांनी तिच्या पाठीला रेटा दिला. झोका वर गेला आणि वरच्या आडव्या पाइपाला अडकवलेला एका बाजूचा हूक तुटला. तो झिजून कागदासारखा पातळ झाला होता, हे नंतर कळलं. साखळी सळसळत खाली आली. हर्षाली हवेत एका अंगावर वळली आणि पाठीवर पडली, थेट ब्लॉकवर. ती रडली नाही. रुपचंद धावत तिच्यापाशी पोचला तेव्हा ती डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "पप्पा, माझे पाय कुठंयत?"

धुळ्यातून तिला नाशिकला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते, त्यांना बोलायला जड जात होतं. मणक्यातला मज्जारज्जू तुटला आहे, कमरेखालचं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा दिपमाला खाली फरशीवर बसली. रुपचंद उभाच राहिला. त्याला त्या बाईचा चेहरा आठवत होता, मुलाचा हात धरून उभी असलेली. तिच्या मुलाला वेळेवर जागा दिली असती, तर? पण मग ते पोर पडलं असतं. पुढचा विचार त्याला करवेना आणि सोडवेनाही.

सोनगीरहून त्याची आई भागाबाई आली. नातीच्या केसांवरून हात फिरवत तिने डोळे पुसले. बाहेर व्हरांड्यात ती लेकाला म्हणाली, "रडू नको रे भाऊ. तुनी काय चूक शे यामा?"

सगळे हेच म्हणायचे, यात तुझी काही चूक नाही. दिपमालाही एकदाच म्हणाली, आणि त्यानंतर त्या घरात झोक्याचं नाव कुणी काढलं नाही. महिन्याभरात बागेत नव्या साखळ्या लागल्या, पोरं पुन्हा रांगेत उभी राहिली. कुणावर काही कारवाई झाली नाही. रुपचंदने त्या रस्त्यावरून रिक्षा न्यायचं सोडलं. लांबचा फेरा पडायचा, पोरं विचारायची, "काका, इकडून का?" तो म्हणायचा, "तिकडं खड्डे आहेत."

वर्षं गेली. हर्षाली व्हीलचेअरवर शाळेत जाऊ लागली. शाळेने तिचा वर्ग तळमजल्यावर आणला. सकाळी रुपचंद तिला उचलून रिक्षात ठेवायचा, घडी केलेली खुर्ची मागे बांधायचा आणि मग गल्लीतली पोरं गोळा करायचा. दुपारी दिपमाला शाळेत जाऊन तिचं डायपर बदलायची. मुलगी हुशार होती. चित्रं काढायची, भांडायची, मैत्रिणींत जोरात हसायची. घरी आली की मात्र गप्प. तेराव्या वर्षी ती अंगाने वाढली आणि तिला उचलताना रुपचंदची कंबर भरून यायला लागली. त्याने ते कधी दाखवलं नाही. तिला ते दिसत होतं.

त्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या वस्तीजवळ एक मोठी बाग उघडली. रंगीत रबराची जमीन, दोन मजली घसरगुंड्या, दोरांचे पूल, छोटी आगगाडी, रात्री रंग बदलणारं कारंजं. रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. लोक शिंदखेड्याहून, साक्रीहून पोराबाळांना घेऊन यायचे. शाळेने सहल तिथेच ठरवली आणि मुलींना न्यायला रिक्षा सांगितल्या, त्यात रुपचंदची एक.

आदल्या दिवशी दिपमाला म्हणाली, "तिला न्यायचं का?"

"तीच म्हणते जायचं," रुपचंद म्हणाला.

"मग जाऊ द्या. मैत्रिणींत बसेल, त्या छोट्या आगगाडीत बसेल. तिलाही वाटतं."

बागेच्या फाटकाशी रिक्षा थांबल्या. मुली उड्या मारत उतरल्या. रुपचंदने खुर्ची उघडली, हर्षालीला तीत बसवलं आणि ढकलत फाटकापाशी आला. तिथे वाटेत लोखंडी खांब रोवलेले होते, एकमेकांजवळ. माणूस जरा तिरका होऊन आत जाईल, एवढीच जागा. गुरं आणि मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून. खुर्चीची चाकं खांबांना अडली.

फाटकावर वना नावाचा वॉचमन होता, पन्नाशीचा, ढगळ गणवेशातला. रुपचंदने विचारलं, "दुसरीकडून वाट आहे का?"

"आहे ना, मोठं फाटक. पण त्याला कुलूप आहे भाऊ, आणि चावी ऑफिसात. आज साहेब नाहीत."

"मग आता?"

वना ओशाळला. "उचलून घ्या तुम्ही पोरीला. खुर्ची मी वरून देतो."

हर्षाली हळूच म्हणाली, "पप्पा, नको. सगळ्या बघतायत."

"दोन मिनिटांचं काम आहे बेटा."

"नको म्हटलं ना."

तिच्या मैत्रिणी पलीकडे थांबल्या होत्या, हात हलवत होत्या. एवढ्या लांब येऊन पोर दारातून परत जाणार, हे रुपचंदला सहन होईना. त्याने तिला उचललंच. ती हातांनी त्याच्या छातीला ढकलत राहिली. खांबांमधून तिरकं होताना तिचा फ्रॉक खांबाच्या टोकाला अडकून वर ओढला गेला. आतलं डायपर सगळ्यांपुढे उघडं पडलं आणि ते भिजलेलं होतं. मुलींनी माना फिरवल्या. एक छोटा मुलगा मोठ्याने म्हणाला, "मम्मी, एवढी मोठी दीदी आणि..." त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

हर्षालीने ढकलायचं थांबवलं. ती बापाच्या कानाशी म्हणाली, "मागे घ्या मला."

त्याने तिला मागे घेतलं. वर्गाच्या बाई धावत आल्या, मैत्रिणी आल्या, पण तिने तोंड रिक्षाकडे फिरवलं. मुलींना परत न्यायचं होतं, म्हणून सहल संपेपर्यंत रुपचंदला तिथेच थांबणं भाग होतं. बापलेक रिक्षात बसून राहिले. आतून छोट्या आगगाडीची शिट्टी ऐकू येत होती. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, तिने घेतली नाही. त्याने काही बोलायला तोंड उघडलं की ती दुसरीकडे बघायची.

दुसऱ्या दिवसापासून हर्षालीने शाळा सोडली. दिपमालाने समजावलं, बाई घरी आल्या, काही उपयोग झाला नाही. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, जेवण अर्धं टाकायची. पडून पडून तिच्या पाठीला जखम झाली. ती रोज धुवायला लागायची.

रुपचंद बागेच्या ऑफिसात गेला. टेबलामागचा माणूस सभ्य होता, त्याने बसायला सांगितलं. म्हणाला, "आम्ही समजू शकतो. पण ते खांब मुलांच्याच सुरक्षेसाठी आहेत. उद्या मोटरसायकल आत आली आणि एखादं पोर गेलं, तर जबाबदार कोण?"

"मग मोठ्या फाटकाची चावी वॉचमनपाशी ठेवा."

"तसा नियम नाही. वर विचारतो."

रुपचंद पुन्हा गेला, पुन्हा वर विचारतो. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्या टेबलामागे दुसराच माणूस होता आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

रुपचंदच्या गल्लीच्या तोंडाशी सरदारचं वेल्डिंगचं दुकान होतं. सरदारची मुलगी महेक रुपचंदच्याच रिक्षातून शाळेत जायची. रुपचंद त्याच्याकडे गेला. "सरदारभाई, एक खांब कापायचाय. बागेचा."

सरदारने हातातलं काम खाली ठेवलं. "मी नाही येऊ शकत, रुपचंदभाऊ. तुम्ही कापला तर बापाने रागात कापला म्हणतील. मी कापला तर माझं नाव ऐकून काय म्हणतील, तुम्हाला माहितीय."

रुपचंदला माहीत होतं. तो जायला वळला. सरदार आत गेला आणि लोखंड कापायची हेक्सॉ करवत आणि तिची नवी पाती कागदात गुंडाळून घेऊन आला. "हात सांभाळा," एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी दुपारी, बाग गजबजलेली असताना, रुपचंद फाटकात बसला आणि मधला खांब कापायला लागला. लोखंड जाड होतं. करवतीचा आवाज दातांत शिरत होता. लोक दोन्ही बाजूंनी तिरके होऊन आत जात होते, लेकरं त्याच्या पायांवरून उडी मारत होती. कुणी हसलं, कुणी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलं. पातं तुटलं, त्याने दुसरं लावलं. बोटं सोलली.

वना जवळ आला. त्याने रुपचंदला ओळखलं होतं. "भाऊ, मला फोन करावा लागेल. माझी नोकरी आहे."

"करा ना."

"आधी पाणी प्या," वना म्हणाला. त्याने बाटली दिली, रुपचंद पाणी प्यायला, मग वना बाजूला जाऊन फोनवर बोलला.

पोलीस आले तेव्हा खांब अगदी जमिनीलगत कापून पडला होता. रुपचंद कापलेल्या खुंटाला कानस मारत होता, कुणाच्या पायाला लागू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत त्याला ठाण्यात बसवलं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून गुन्हा लागला. व्हिडिओ तोवर शहरभर फिरला होता. त्याखाली कुणी त्याला वेडा म्हटलं, कुणी दारुडा. खरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

घरी आला तेव्हा हर्षाली उशीला टेकून बसली होती. तिच्या हातात आईचा मोबाइल होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "मला नव्हतं जायचं आत. उचलू नका म्हटलं, तुम्ही उचललं. आता हे. माझं कधी ऐकता तुम्ही?"

दिपमाला म्हणाली, "हर्षू, गप बस. पप्पा तुझ्यासाठीच..."

"बोलू दे तिला," रुपचंद म्हणाला.

"सगळे म्हणतात पप्पांची चूक नाही. मम्मी म्हणते, आजी म्हणते, बाई म्हणतात." तिने मोबाइल बाजूला टाकला. "मीच म्हटलं होतं जोरात, मला माहितीय. पण मला राग येतो तुमचा. रोज नाही येत. पण येतो."

दिपमाला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. रुपचंद पलंगाच्या कडेला बसला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. ते लागलं, आणि तरी तिथेच बसून राहावंसं वाटलं.

"येऊ दे राग," तो म्हणाला. "यायलाच पाहिजे."

ती रडली, तो रडला नाही. मग तिने विचारलं, "बोटांना काय झालं?" आणि उत्तराची वाट न बघता तोंड फिरवलं.

आठवडा संपायच्या आत फाटकात नवा खांब लागला, आधीपेक्षा जाड, खाली सिमेंटचा गोळा घालून. मोठ्या फाटकाचं कुलूप तसंच राहिलं. वनाची बदली झाली, कुठे ते कळलं नाही. गल्लीतल्या आयांनी एकेक करून पोरं दुसऱ्या रिक्षात घातली. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. "घराजवळून जाणारा मिळाला," असं म्हणायच्या. पोलीस केस झालेल्या माणसाबरोबर पोर कोण पाठवणार? महेक तेवढी शेवटपर्यंत यायची, पण एका पोरीवर रिक्षा चालत नाही. रुपचंदनेच सरदारला सांगितलं, तिला दुसरीकडे घाला. उन्हाळ्यात त्याने रिक्षा विकली आणि मालवाहू तीनचाकी घेतली. आता तो भाजी बाजारातून कांद्याची पोती, केळीचे क्रेट वाहतो. त्या गाडीत कुणी गाणी म्हणत नाही.

हर्षालीची जखम भरायला पावसाळा उजाडला. डॉक्टर म्हणाले, ही पुन्हा होईल, जपावं लागेल. शाळा सुरू झाल्यावर एका सकाळी ती आपण होऊन म्हणाली, "घरी बसून कंटाळा येतो." मागचं वर्ष बुडालं होतं, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या होत्या. तिला लहान मुलींबरोबर बसावं लागणार होतं, हे तिला माहीत होतं.

रुपचंदने गाडीचा मागचा हौदा धुतला. कांद्याचा वास गेला नाही. सरदारकडून त्याने लोखंडी पट्ट्या जोडलेली एक फळी करून घेतली, ती मागे तिरकी लावली की खुर्ची तशीच वर चढायची. आता तिला उचलावं लागत नव्हतं. दिपमाला हौद्यात लेकीशेजारी खुर्ची धरून बसली. शाळेच्या दारात पोरींनी तोंडाला हात लावून पाहिलं, भाजीच्या गाडीतून कोण आलंय ते.

रुपचंदने फळी लावली आणि खुर्ची धरायला हात पुढे केले.

"सोडा," हर्षाली म्हणाली. "मी उतरते."

फळी ओली होती. तिने दोन्ही हातांनी चाकं आवळून धरली, खुर्ची कचकचत थोडी खाली आली, थांबली, पुन्हा थोडी आली. रुपचंद बाजूला उभा होता. हात लांबच ठेवायचे, हे त्याला फार जड जात होतं.