नैवेद्याचं उलटं ताट

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, बहुतेक म्हणूनच सांगवतंय.

मी डावरी आहे. घरात कुणाला माहीत नाही. हसाल तुम्ही — इतकी वर्षं एका घरात राहून? पण जमतं ते. पाचोडला, माहेरी, स्थळं यायला लागली तेव्हा आईनं चिमटे काढून काढून उजव्या हातानं वाढायला शिकवलं. चारचौघांत मी उजवी. स्वयंपाकघरात एकटी असले, की सुरी, उलथनं, झारा — सगळं डाव्या हातात.

मग धाकटी जाऊ आली, कन्नड गावची. तीही डावरी, पण उघड उघड. हे लपवायचं असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई कुरकुरायच्या, ती हसायची. मला तिचा राग यायचा. का? ती मोकळी होती म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. शहागंजातलं आमचं घर पाहुण्यांनी भरलेलं. धाकटी दारात रांगोळी काढत होती, आणि मी आत एकटीच नैवेद्य वाढत होते. घाई होती. डावा हात आपसूक पुढं आला. मीठ, लिंबू, चटणी उजवीकडं गेली, भाज्या डावीकडं. मीठ डावीकडं वाढतात हे लहान पोरालाही कळतं — पण माझ्या डोळ्यांना ते ताट सरळच दिसलं.

सासूबाईंनी ते देवीपुढं ठेवलं आणि थबकल्या. "हे उलटं ताट कुणी वाढलं गं?"

सगळ्यांनी धाकटीकडं पाहिलं. मी नुसती गप्प बसले असते तरी भागलं असतं, नाही का? पण मी बोलले.

"धाकटीनं, आत्या."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिची बोटं अजून रांगोळीनं भरलेली होती. मग म्हणाली, "चुकलं माझं, आत्या."

"आजपासून नैवेद्याला हात लावायचा नाय तू. लई झालं तुझं."

मला काय वाटलं? खरं सांगू — काहीच नाही. दुसरं ताट वाढलं, उजव्या हातानं. मग जेवले. पुरण चांगलं झालं होतं, एवढं आठवतं.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आता धाकटीला कुणी अडवत नाही, तरी ती नैवेद्याला हात लावत नाही. पंगतीत उजव्या हातानं वाढते — अवघडत, सांडत. तिची मुलगी मला विचारते, काकू, आई असं का करते? मी म्हणते, सवय.

यंदाही ताट मीच वाढलं. बाहेर न्यायला निघाले तर धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी, दरवर्षीसारखी. तिनं आधी ताटात पाहिलं — मीठ कुठल्या बाजूला आहे ते. मग बाजूला सरून मला वाट दिली.